जिंतूरहून परभणीला पायी आलेला ट्रॅक्टर

जिंतूर ते परभणी हे अंतर एसटीनं सव्वा-दीड तासाचं. वाटेत बोरी लागतं, मग झरी, मग परभणी. मला हेच अंतर कापायला दोन दिवस लागले, आणि तेसुद्धा ट्रॅक्टरवर बसून. ट्रॅक्टर म्हटल्यावर जे धूड तुमच्या डोळ्यांपुढे येतं, ते हे नव्हे. हा बागेतला ट्रॅक्टर. मोसंबीच्या दोन ओळींतून फिरावा एवढाच रुंद, बसायची जागा बाजेच्या उंचीची, आणि वेग असा की शेजारून जाणारी म्हातारी आधी पुढे जाते आणि मग मागे वळून विचारते, "काय झालं बाबा?"

अशी जुनी यंत्रं हौसेनं दुरुस्त करणारे तरुण हल्ली मला पत्ता विचारत येतात, म्हणून ही हकिगत लिहून ठेवतो. वर्षं विद्यापीठाच्या नामांतराच्या धामधुमीची होती. एसटी कधी निघेल आणि कुठे थांबेल याचा नेम नसायचा. मी परभणीत एका शाळेत गणित शिकवायचो आणि सुटीच्या दिवशी लोकांची बंद पडलेली यंत्रं उघडून बसायचो. आमची सुमन म्हणायची, "घरातला मिक्सर तेवढा सोडून सगळ्या गावाचं दुरुस्त करतात."

माझा मेहुणा दिगंबर जिंतूरच्या बाजारातून बातमी घेऊन आला. "दाजी, एका म्हाताऱ्याच्या गोठ्यात बैलाशेजारी ट्रॅक्टर बांधलेला हाय."

"उभा केलेला म्हण."

"बांधलेला. दाव्यानं. खुंट्याला."

पुढच्याच रविवारी पाच-सहा रुपयांचं तिकीट काढून मी जिंतूर गाठलं. गावाबाहेर अप्पांचा मळा. अप्पा सत्तरी ओलांडलेले, काटक, डोक्याला पटका. आणि गोठ्यात खरोखरच दोन बैल, एक गाय आणि हिरव्या रंगाचा विलायती ट्रॅक्टर एका रांगेत होते. ट्रॅक्टरच्या पुढच्या दांडीला दावं, दाव्याचं दुसरं टोक खुंट्याला. दोन्ही बाजूंच्या लोखंडी दांड्या, म्हणजे गिअरची आणि क्लचची, हिंगूळ लावून लाल केलेल्या.

"हे काय?" मी विचारलं.

"पोळ्याला शिंगं रंगवायची न्हाई का?" अप्पांनी मलाच उलटं विचारलं. "नंद्या नाव हाय त्याचं. निजामाच्या वक्ताला हैद्राबादहून आणला थोरल्या भावानं. बाग वाळली तवापसून बसून हाय. अकरा वर्सं झाली."

तो विकायचा होता, पण भंगारवाल्याला नव्हे. आणि विकण्यामागे भानगड होती. अप्पांचा मुलगा भास्कर औरंगाबादला सरकारी कचेरीत होता. पोळ्याला आला तेव्हा बापलेकाचं वाजलं. मुलाचं म्हणणं, आता मळा बटईनं, वाट्यानं दुसऱ्याला कसायला द्या आणि माझ्याकडे चला. अप्पांचं म्हणणं, मी अजून धडधाकट आहे. मुलगा रागानं बोलून गेला, "धडधाकट तर तुमचा तो नंद्यापण हाय! तो परभणीपर्यंत पायानं चालत गेला, तर मी औरंगाबादचं नाव काढणार न्हाई. न्हाई गेला तर पाडव्याला सामान बांधायचं."

आमच्याकडे शेतीचा नवा करार पाडव्याला होतो. मळा एकदा बटईनं गेला की वर्षभर तोंड उघडायची सोय नाही. म्हणजे अप्पांकडे तीन-चार महिने होते, आणि ते एका उंदरांनी पोखरलेल्या इंजिनावर अवलंबून होते.

"गाडीत घालून न्यायचा न्हाई," अप्पा म्हणाले. "गाडीत मेलेलं जनावर जातं. हे पायानं जाईल, मी संगं चालंल. पोचला तर तुमचा. अन् भास्कर तोंडी ऐकणार न्हाई. सरकारी माणूस हाय त्यो. शिक्का मारलेला कागद लागंल."

शहाण्या माणसानं तिथेच हात जोडले असते. पण हौसेला मोल नसतं, आणि अक्कल तर मुळीच नसते. मी हो म्हणालो.

पुढचे आठ-नऊ रविवार गोठ्यात गेले. हौशी वाचकांसाठी सांगतो: अकरा वर्षं बसलेलं इंजिन पहिल्याच दिवशी ओढून चालू करायला जाऊ नका. पिस्टन जाम असतो. मी प्लग काढून आत रॉकेल आणि इंजिन ऑइल ओतलं आणि आठवडाभर तसंच ठेवलं. हवेच्या गाळणीत उंदरांचं घरटं निघालं, त्यात अप्पांच्या हरवलेल्या तपकिरीच्या डबीचं झाकण होतं. पेट्रोलची टाकी तीनदा धुतली. पट्टा कुठेच मिळेना, तेव्हा जिंतुरात एका कारागिराकडून चामड्याचा शिवून घेतला. इंजिन पेट्रोलवर सुरू व्हायचं आणि तापलं की रॉकेलवर चालायचं. रॉकेल रेशनवर. त्या दिवसांत आमच्या घरी स्टोव्ह कमी पेटला आणि सुमन जास्त.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी निघायचं ठरलं. पहाटे मी, दिगंबर आणि त्याची सायकल असे हजर झालो. सायकलच्या कॅरियरला रॉकेलचा डबा, हत्यारांची पिशवी आणि सुमननं दिलेले धपाटे. अप्पांनी नंद्याला ओवाळलं, कुंकू लावलं, दावं सोडलं आणि गुंडाळून घरात नेऊन ठेवलं.

"अप्पा, ती दोरी पाहिजे," मी म्हणालो. इंजिनाच्या चाकाला दोरी गुंडाळून हिसका दिला की ते सुरू व्हायचं, आणि इतके रविवार आम्ही तेच दावं वापरत होतो.

"दावं देत न्हाईत, मास्तर. जनावर इकलं तरी दावं घरीच ऱ्हातं. दाव्यासंगं लक्षुमी जाती. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं."

हे मला माहीत होतं. बैलाच्या बाबतीत माहीत होतं. दिगंबरनं सुतळी आणली, ती पहिल्याच हिसक्याला तुटली. दुसरी दोरी शोधायला घरात कोणी जाईना, कारण निघायचा मुहूर्त टळत होता. शेवटी दिगंबरनं आपल्या पायजम्याचा नाडा काढला. दुहेरी करून ओढला, आणि नंद्यानं असा आवाज काढला की गाय खुंटा उपटून पळाली. त्यानंतर दोन दिवस, दर वेळी इंजिन सुरू करताना दिगंबर एका हातानं नाडा ओढायचा आणि दुसऱ्या हातानं अब्रू धरून ठेवायचा.

रस्ता तेव्हा एकेरी डांबराचा, कडेला मुरूम. दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्यात आलेली, मधूनमधून करडई पिवळी झालेली. अप्पा पुढे हातात आसूड घेऊन, मागे नंद्यावर मी, त्यामागे सायकल हातात धरून दिगंबर. समोरून येणारे बैलगाडीवाले गाडी बाजूला घेऊन अप्पांना राम राम करत आणि माझ्याकडे दयेनं बघत. एकानं विचारलं, "कितीला घेतला?" दुसऱ्यानं विचारलं, "दात किती?" अप्पांनी गंभीरपणे सांगितलं, "जुळलेला हाय." म्हणजे सगळे दात आलेला, पुरता वयात आलेला बैल.

दर तासाला थांबायचं. हे मी सुरक्षेसाठी ठरवलं होतं: इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय रॉकेल ओतायचं नाही, आणि ओतताना बिडी तर मुळीच नाही. अप्पांनी हा नियम ताबडतोब मान्य केला, पण कारण वेगळं. "घामेजल्या जनावराला पाणी देऊ न्हाई." नियम पाळला गेला, माझं काम झालं. दुसरा नियम शिकायला अप्पांचं उपरणं खर्ची पडलं. ते चालता चालता नंद्याच्या पाठीवर थोपटायला वाकले आणि उपरण्याचं टोक पट्ट्यात गेलं. मी क्लच दाबला म्हणून गळा वाचला. तेव्हा सांगतो, फिरत्या पट्ट्याजवळ उपरणं, धोतराचा सोगा, ओढणी, काहीही लोंबतं ठेवू नका, आणि पट्ट्याला आधी जाळी बसवा. मी जाळी परभणीला गेल्यावर बसवणार होतो. हा माझा मूर्खपणा.

अप्पा मात्र फाटकं उपरणं बघून खूश झाले. "बगा, हुंदाडायलाय. ताकद हाय आजून."

बोरीला दिवस मावळायच्या आत पोचलो. मारुतीच्या देवळाशेजारी मुक्काम. गावातल्या एका घरून पिठलं, भाकरी आणि ठेचा आला, कोणी मागितलाही नव्हता. ठेचा खाऊन माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते बघून घरधनीण म्हणाली, "लांबचा परवास हाय, रडू नका." मी खुलासा करायच्या भानगडीत पडलो नाही.

रविवारी सकाळी नंद्या निघाला खरा, पण धूर पांढरा आणि वास भज्यांचा. अगदी खमंग. मला वाटलं गावात कुठे कढई चढलीय. एक मैल गेलो, दोन मैल गेलो, वास सोबतच. मागे तीन कुत्री लागली.

"दाजी," दिगंबर म्हणाला, "हे इंजिन तळायलंय."

मी अप्पांकडे बघितलं. अप्पा रस्त्याकडे बघत होते.

"अप्पा, टाकीत काय घातलंत?"

"खुराक. लांब चालायचं मनल्यावर बैलाला तेल पाजत न्हाईत का? शेरभर करडीचं. घाण्याचं हाय, चोख."

मी गणिताचा मास्तर. शेरभर करडईचं तेल, अर्धी टाकी रॉकेल, बाकी राहिलेले सात-आठ तास. उदाहरण सोडवायची माझी हिंमत झाली नाही. टाकी रिकामी करावी तर पुढचं रॉकेल पुरेना. तसेच निघालो. झरीत शिरलो तेव्हा लोक हातात कागद घेऊन घराबाहेर आले आणि भजी कुठे आहेत म्हणून विचारू लागले. चहाच्या टपरीवाल्यानं तर रागानं विचारलं, "रस्त्यावर धंदा टाकायचाय तर सरपंचाला इचारलं का?" त्याचं मन राखायला त्याच्याकडून तीन कप चहा घ्यावा लागला. चहा चांगला होता, आल्याचा. भजी त्यानं ठेवली नव्हती, म्हणून त्याचा राग.

झरीच्या पुढे एक ओढा लागतो. अरुंद पूल आणि पुलानंतर चढ. चढाच्या मध्यावर नंद्या दोनदा खोकला आणि थांबला. प्लग काढला, तो करडईच्या काळ्या राळेनं माखलेला. पॉलिश पेपरनं घासला, बसवला, नाडा ओढला. काही नाही. पुन्हा घासला. दिगंबरनं पंधरा-वीस वेळा नाडा ओढला आणि तेवढ्याच वेळा पायजमा सावरला.

दोन दिवसांत पहिल्यांदाच मला अप्पा म्हातारे दिसले. आसूड गुंडाळून त्यांनी काखेत मारला आणि म्हणाले, "मी जरा हिरीवर पानी पिऊन येतो." विहीर चढाच्या खाली, शेतात होती. ते पाठमोरे, एकेक पाऊल जपून टाकत उतरत गेले. मी हौस म्हणून आलो होतो. माझं गेलं असतं ते एक खेळणं. त्या माणसाचं घर जाणार होतं.

तेवढ्यात मागून परभणीकडे जाणारी एसटी आली आणि पुलाच्या तोंडाशी थांबली. आम्ही रस्ता अडवलेला. हॉर्न, मग शिव्या, मग काही उतारू खाली उतरले. कुणीतरी म्हणालं, "अरे, हात लावा रे!" दहा-बारा जणांनी मिळून नंद्याला ढकलत चढावर आणलं. मी गिअर टाकून क्लच सोडला, नंद्या धडधडला आणि भज्यांचा लोट सगळ्या उतारूंच्या तोंडावर सोडून चालू झाला. टाळ्या वाजल्या. एसटी निघून गेली. दोनशे पावलं असतील. पण ती नंद्याची पावलं नव्हती.

अप्पा वर आले. नंद्या धडधडताना बघून त्यांचा चेहरा असा उजळला की खरं सांगायला माझी जीभ उचलेना. दिगंबरनं माझ्याकडे बघितलं, मी दिगंबरकडे. मग त्यानं सायकल हातात घेतली, मी गिअर टाकला.

परभणीच्या अलीकडे जकात नाका होता. कारकून टेबलावर पाय टाकून बसला होता, समोर पावती पुस्तक आणि शाईचा शिक्का. हाच तो शिक्का, ज्यासाठी सगळा उपद्व्याप.

"काय माल?" त्यानं विचारलं.

"माल न्हाई," अप्पा म्हणाले. "जनावर."

कारकुनानं बाहेर वाकून बघितलं. "ते यंत्र हाय, बाबा. यंत्राचा रकाना येगळा."

"यंत्राच्या रकान्यात पायी का गाडीतून, हे लिहिता का?"

कारकुनानं पुस्तक चाळलं. "न्हाई. ते जनावराच्याच रकान्यात हाय."

"मंग जनावरात लिहा."

कारकून वैतागला. मी बाहेर ॲक्सिलरेटर सांभाळत होतो, कारण इंजिन मंद केलं की विझत होतं. आत बघावं तर अप्पा हात जोडून उभे. मी कधी कुणापुढे अप्पांना वाकलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी त्या कारकुनाला सगळं सांगितलं: मुलगा, पैज, पाडवा, मळा. कारकून ऐकत राहिला. मग त्यानं पेन उचललं.

"रंग?"

"हिरवा."

"वय?"

"चाळिशीच्या आसपास."

"बैल चाळीस वर्सं जगत न्हाई, बाबा. जुळलेला लिहितो. शिंगं?"

"दोन. लाल."

"मालक संगं हाय का?"

"हाय. पायी."

ठप्प. शिक्का बसला. पावती अशी: 'जनावर एक, नर, रंग हिरवा, शिंगे लाल, मालकासह पायी.' अप्पांनी ती पटक्यात खोचली. कारकून बाहेर आला, नाक वर करून म्हणाला, "पन वास कामून भज्याचा यायलाय?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेला.

घरी सुमननं दारात नंद्याच्या पुढच्या चाकांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळला. फाटकातून आत येऊन नंद्या आपणहून बंद पडला, तो पुढे तीन आठवडे. अप्पा जेवले, रात्र पडवीत त्याच्याजवळ झोपले आणि सकाळच्या एसटीनं गेले. निघताना त्यांनी नंद्याच्या बॉनेटवर हात ठेवला आणि मला बजावलं, "मारू नका त्याला. बोललं की ऐकतं."

पाडव्याला मी साखरेची गाठी घेऊन मळ्यावर गेलो. भास्कर तिथेच होता. चाळिशीचा, चष्मा, गंभीर. अप्पांनी माझ्यादेखत पुन्हा एकदा ती पावती त्याच्यापुढे धरली. त्यानं ती उजेडात धरली, मागून-पुढून बघितली, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "कागद बरोबर आहे." मळा बटईनं दिला गेला नाही. अप्पांनी मला दोनदा पुरणपोळी वाढायला लावली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं की लेकाला कायद्यानं हरवलं.

भास्कर मला एसटी स्टँडपर्यंत सोडायला आला. वाटेत पीकपाण्याचं बोलला. मग म्हणाला, "मास्तर, झरीच्या चढावर उजव्या चाकाला मी होतो."

मी थांबलो.

"परभणीला तुमची वाट बघायला चाललो होतो, एसटीनं. खिडकीतून अप्पा विहिरीकडे जाताना दिसले. कधी त्यांना असं चालताना बघितलं नव्हतं. आधी मी उतरलो, मग बाकीचे."

"पण पैज तर तुमचीच होती!"

"माझीच. रागात लावली. लावल्यापासून रोज वाटायचं, मी हरलो तर बरं." त्यानं चष्मा काढून पुसला. "शब्द मागे घ्यायला मला जमलं नसतं, आणि त्यांना मला तो मागे घेऊ देणं जमलं नसतं. त्यांना सांगू नका. त्यांना वाटू द्या जिंकले म्हणून."

घरी आल्यावर मी सुमनला हे सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "म्हणजे तिघांनी मिळून एका म्हाताऱ्याला फसवलंत."

"चौघांनी," मी म्हणालो. "नाक्यावरचा कारकून धर." ती हसली, आणि मग बराच वेळ पाठ करून लाटत राहिली.

नंद्या अजून माझ्याकडे आहे. पट्ट्याला जाळी बसवली आहे, रविवारी अंगणात दोन फेऱ्या मारतो. कुणाला बघायचा असेल तर या, उपरणं घरी ठेवून या. त्या दोन दिवसांत मी इंजिनाविषयी जे शिकलो ते कुठल्याही पुस्तकात मिळेल. बाकीचं मिळणार नाही.

अप्पा त्यानंतर बरेच पाडवे मळ्यातच राहिले आणि गेले तेही तिथूनच. झरीच्या चढावर नंद्याला ढकलल्याचं आम्ही कुणीही त्यांना सांगितलं नाही. परवा भास्करचा फोन आला, म्हणाला, आता लिहा, वाचून रागवायला ते नाहीत. म्हणून लिहिलं. रागवायला ते असते, तर फार बरं झालं असतं.